वीस मीटर, दहापैकी दहा

गॅरेजच्या कोपऱ्यात, गवत कापायच्या मशीनमागे, माझं जुनं धनुष्य नऊ वर्षं उभं होतं आणि तेही दोरी चढवलेलं. ज्यांना धनुष्यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते: काम झालं की दोरी उतरवायची असते, नाहीतर ताण खाऊन खाऊन धनुष्याचं लाकूड पिळवटतं. मी घरातल्या प्रत्येक गोष्टीची यादी करणारी बाई. फ्रिजवर तीन याद्या, पर्समध्ये एक, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझ्या टेबलाच्या काचेखाली एक. तरीही ती दोरी उतरवायची राहिली, कारण त्या शेवटच्या दिवशी घरी आल्यावर मला धनुष्याला हातही लावायचा नव्हता.

मग पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी ते मी बाहेर काढलं. त्याचा वरचा दांडा कानासारखा मुरगळलेला. त्यातून बाण सोडला असता तर तो थेट शेजारच्या रस्त्यावर गेला असता. वाईट वाटायला हवं होतं, पण मी गॅरेजमध्ये एकटी उभी राहून हसत सुटले. कारण आता नवीन घ्यावं लागणार होतं, आणि नवीन घ्यायचं म्हणजे यादी करायची होती.

हे सगळं सुरू झालं आमच्या बाजूवाल्यामुळे. त्याही सकाळी, आणि त्याच्या बारा वर्षं आधीही.

आम्ही सिडनीच्या दक्षिणेला वॉलॉंगॉंगला आलो तेव्हा नवरा पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात इंजिनियर म्हणून लागला होता आणि मी लॅबमध्ये. भाड्याच्या, पुढे आम्हीच विकत घेतलेल्या घराचं मागचं कुंपण बाजूवाल्याच्या अंगणाला लागून होतं. तो त्याच कारखान्यात फिटर, उंच, वाकलेला, बायको नुकतीच गेलेली. संध्याकाळी कामावरून आला की अंगणात गवताच्या गठ्ठ्या रचून बाण मारत बसायचा. मी कपडे वाळत घालता घालता बघायचे. पंधरा दिवसांनी मी त्याला कुंपणावरून सांगितलं की त्याचे सगळे बाण थोडे डावीकडे जातात. तो म्हणाला, ये, दाखव मग कसं मारायचं ते. माझा पहिला बाण गठ्ठीच्या वरून गेला, दुसरा खालून, तिसरा मधोमध बसला. मी आयुष्यात कशानेही इतकी खूश झाले नव्हते, लग्न धरून. नवऱ्याला हे वाक्य माहीत आहे.

पण मला खरी ओढ लावली ती बोकडाच्या मटणाने. आम्ही वसईचे. सणाला, बाप्तिस्म्याला, पाहुण्याला, आजाऱ्याला, सगळ्याला बोकड. इथल्या खाटकाकडे मटण म्हणजे मेंढी. पहिल्या नाताळला मी मेंढीचा रस्सा केला आणि नवऱ्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, यावरून काय ते समजा. मग एका रविवारी बाजूवाल्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक तंगडी कुंपणावरून दिली. गोलबर्नच्या पलीकडे त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची डोंगराळ जमीन होती. कधीकाळी सुटलेल्या पाळीव शेळ्यांची तिथे रानटी खिल्लारं झाली होती आणि ती मेंढ्यांचा चारा खाऊन टाकत. शेतकरी म्हणायचा, जमतील तेवढ्या न्या. त्या संध्याकाळी आमच्या घरात तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, रस्सा झाला, आणि नवऱ्याने तिसऱ्यांदा वाढून घेताना विचारलं, "त्याला आणखी एक माणूस लागतो का बरोबर?"

लागत होता. पुढची तीन वर्षं थंडीच्या दिवसांत मी बाजूवाल्याबरोबर जात असे. लाकडाचं, टोकांना पुढे वळलेलं धनुष्य, देवदाराचे बाण, पिसं टर्कीची. मी चार बोकड आणले. पाचवा सापडला नाही.

सांगायचं तर तेवढंच आहे. पस्तीस मीटरवरून मारला, जे मी मारायला नको होतं. बाण हवा होता त्याच्या जरा मागे, पोटाकडे बसला. तो पळाला. आम्ही अंधार पडेपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे गेलो, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत पुन्हा गेलो, आणि मग खडकाळ घळीत थेंब संपले. परतताना बाजूवाल्याने माझं धनुष्य स्वतःच उचललं, तेच जास्त लागलं. घरी येऊन मी धनुष्य गॅरेजात ठेवलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला. लोकांना सांगायला ते कारण बरं होतं: दोन मुलं, शिफ्ट, वेळ कुठे मिळतो. नवऱ्यालाही तेच सांगितलं. नऊ वर्षं सांगितलं.

आणि त्या मार्चच्या सकाळी बाजूवाला कुंपणाशी आला. मी टोमॅटोची रोपं उपटत होते. तो म्हणाला की गुडघा कामातून गेलाय, घर विकतोय, जूनमध्ये मुलीकडे क्वीन्सलंडला राहायला जातोय. मे महिन्यात शेवटचं एकदा डोंगरावर जाणार आहे. मग माझ्या टोमॅटोंकडे बघत, इथले लोक कुठल्याही बाईला लव्ह म्हणतात तसं म्हणाला, "तू येणार असशील तर ये, लव्ह. नाही आलीस तरी नो वरीज. पण तो एक बोकड डोक्यात घेऊन म्हातारी होऊ नकोस."

मी म्हटलं, विचार करते. तो वळायच्या आत म्हटलं, येते.

मग गॅरेज, मुरगळलेलं धनुष्य आणि ते हसणं. त्याच दुपारी मी वही घेऊन बसले. पहिल्या पानावर नियम लिहिला, कारण नियम आधी आणि सामान नंतर. वीस मीटरवर कागदी ताटली लावायची. दहापैकी दहा बाण ताटलीत. असं सलग सात दिवस. एक जरी बाहेर गेला तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. मेच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत सात दिवस पुरे झाले नाहीत तर जायचं नाही. डोंगरावर वीस मीटरच्या पलीकडे असलेल्या कशावरही बाण सोडायचा नाही. नवऱ्याने ते वाचलं आणि म्हणाला की इतक्या अटी तर आपल्या घराच्या कर्जालाही नव्हत्या.

दुकान सिडनीला, पॅरामॅटाच्या पुढे होतं. मुलगी तेरा वर्षांची, ती बरोबर आली ती केवळ येताना बूट घेऊन देण्याच्या कबुलीवर. दुकानात शिरले आणि मी दारातच थांबले. नऊ वर्षांत धनुष्याला चाकं फुटली होती. भिंतीवर ओळीने लटकलेली ती यंत्रं बघून मला वाटलं आपण चुकून सायकलच्या दुकानात आलो. दोन टोकांना दोन चाकं, मध्ये तारा एकमेकींवरून गेलेल्या. लाकडाचा पत्ता नाही. बाण ॲल्युमिनियमचे, पिसांच्या जागी पिवळं प्लास्टिक.

विक्रेता पंचविशीतला, मिशीवाला. त्याने मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की मुलासाठी हवंय का. मी सांगितलं मलाच हवंय आणि वही उघडली. माझे अकरा प्रश्न होते. चौथ्या प्रश्नाला त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. सातव्याला आतून मालकाला बोलावलं.

माझे हात आखूड आहेत. मापात पंचवीस इंच भरले. विक्रेता म्हणाला की या मापाचं त्याच्याकडे फक्त शाळकरी मुलांचं आहे, लाल रंगाचं. मालक मात्र समजूतदार निघाला. त्याने मागून एक तपकिरी धनुष्य आणलं, चाकाजवळ काहीतरी फिरवलं, तारेचं टोक एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घातलं आणि ओढायचं वजन पंचेचाळीस पौंडांवर आणून माझ्या हातात दिलं. म्हणाला, ओढ, पण बाण न लावता सोडू मात्र नकोस.

मी ओढलं. जुन्या धनुष्यात जसजसं ओढत जावं तसतसं ते जड होत जायचं आणि अगदी शेवटी, नेम धरायच्या वेळी, सगळ्यात जड. हात थरथरायला लागायच्या आत बाण सोडावा लागे. इथे अर्ध्यावर चाकं फिरली आणि वजन एकदम निम्मं झालं. विहिरीतून भरलेली कळशी ओढत आणावी आणि काठाशी येता येता ती निम्म्या वजनाची व्हावी, पाणी मात्र तेवढंच, असं काहीतरी. मी तशीच उभी राहिले. दहा आकडे मोजले, वीस मोजले. हात स्थिर. मला हसू फुटलं ते थांबेना.

"मम, स्टॉप गिगलिंग," मुलगी म्हणाली. "पीपल आर लुकिंग."

दुकानात आमच्याशिवाय तिघं होते आणि तिघंही बघत होते. बघू देत. मी धनुष्य हळूच परत सैल केलं, वहीत 'ओढून थांबता येतं का' या प्रश्नापुढे दोनदा बरोबरची खूण केली आणि पुन्हा ओढून पाहिलं.

मनातून मला लाकडाचंच हवं होतं, हे खरं. एका खुंटीला एक होतं, मधाच्या रंगाचं, हातात घेतलं की ओळखीचं वाटणारं. मी त्याच्याकडे तीनदा जाऊन आले. पण वहीत पहिल्या पानावर जे लिहिलं होतं त्याला यंत्रच जास्त उपयोगाचं होतं. ज्याला ओढून थांबता येतं त्याला घाई करावी लागत नाही. माझा पाचवा बोकड घाईनेच गेला होता.

विक्रेत्याने मग नेम धरायची पट्टी बसवली. तिच्यावर एकाखाली एक चार पितळी टाचण्या: वीस मीटरची, तीसची, चाळीसची, पन्नासची. मी म्हटलं खालच्या तीन काढून टाक. तो म्हणाला त्या फुकटच येतात. मी म्हटलं फुकट असू देत, काढ. त्याला वाटलं मला कळलेलं नाही, म्हणून तो मोठ्या आवाजात आणि सावकाश पुन्हा समजावायला लागला. मुलीने मान खाली घातली. मी तेवढ्याच सावकाश सांगितलं की तीस मीटरवर मी बाण मारणार नाही, मग त्या अंतराची टाचणी डोळ्यासमोर कशाला. मालकाने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि स्वतःच स्क्रू ढिले केले.

दोरी सोडायला मनगटावर बांधायचा एक खटका निघाला होता, तो मी घेतला नाही. माझी बोटं पुरेत. बाण बारा, माझ्या मापाला कापलेले. सराव करायला बोथट टोकं बारा, आणि शिकारीची तीन पात्यांची टोकं सहा, ज्यांची धार इतकी की मालकाने मनगटावरचे केस उडवून दाखवले. मुलीला बूट घेतले. परतीच्या वाटेवर मी गाडीत गात होते. तिने खिडकीची काच वर केली.

त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्या मागच्या अंगणाची काय दशा झाली ते सांगायला नको. पहिल्याच दिवशी एक बाण लिंबाच्या झाडात घुसला, एक वाळत घातलेल्या पलंगपोसाच्या आरपार जाऊन बाजूवाल्याच्या गठ्ठीत बसला. नवऱ्याने पलंगपोसाच्या भोकातून एक डोळा लावून बघितलं आणि विचारलं की यापुढे कपडे घरातच वाळवायचे का. मुलगा, तेव्हा आठ वर्षांचा, त्या भोकाला बोट घालून ते मोठं करत बसला. मी लॅबमधून साडेचारला यायचे, चहा घ्यायचे, पाच वाजता अंगणात. खांदे असे भरून यायचे की हॉस्पिटलात वरच्या फळीवरची बाटली काढायला मला स्टूल लागे. सहकाऱ्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, धनुष्यबाण. त्यांना वाटलं मी भारतातल्या कुठल्यातरी व्यायामाबद्दल बोलतेय.

बाजूवाला खुर्ची टाकून कुंपणापलीकडे बसायचा आणि मोठ्याने मोजायचा. एप्रिलच्या मध्यापर्यंत आठ, नऊ, आठ असं चाललं होतं. मग एक दिवस दहा आले. दुसऱ्या दिवशी दहा. मी स्वयंपाक करताना नाचत होते. सहाव्या दिवशी नऊ बाण ताटलीत आणि दहावा काठाबाहेर, जेमतेम बोटभर. बाजूवाला म्हणाला, "जाऊ दे, लव्ह. बोकड काय ताटलीएवढाच असतो?"

"मागच्या वेळी पण बोटभरच चुकलं होतं," मी म्हटलं.

तो खुर्ची उचलून आत गेला. मी वहीत सहाचा एक केला. आता शुक्रवारला नऊच दिवस उरले होते, म्हणजे फक्त पहिले दोन दिवस चुकायची मुभा. पहिला चुकला. पावसाचा एक दिवस छत्री नवऱ्याने धरली, तो स्वतः भिजला आणि सबंध वेळ मला सल्ले देत राहिला. शेवटी सातवा दिवस पडला तो बरोबर गुरुवारी, निघायच्या आदल्या संध्याकाळी. नऊ बाण झाले. दहाव्याला मी ओढून थांबले. कुंपणापलीकडे बाजूवाला खुर्चीतून उठून उभा राहिला होता, मागच्या दारात नवरा आणि दोन्ही मुलं. मी मनात म्हटलं, कळशी काठाशी आली आहे, पाणी तेवढंच आहे. सोडला. तो बाकीच्या नवांच्या मधोमध जाऊन असा बसला की आधीच्या एका बाणाचं पिवळं प्लास्टिक सोलून निघालं. मुलगा लिंबाच्या झाडाभोवती ओरडत पळाला. मुलगी म्हणाली, "नॉट बॅड, मम," जे तिच्याकडून फार होतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही बाजूवाल्याच्या गाडीतून निघालो. माझी बांधाबांध तपासलेली होती: धनुष्य, बाण, सुरी, दोरखंड, मीठ, गाळण्याचं कापड, दोन टॉर्च, तांदळाच्या बारीक पिठाची बाटली. पीठ चिमूटभर हवेत सोडलं की वारा कुठून येतोय ते दिसतं. बाजूवाला त्यासाठी राख वापरायचा, मी पीठ. शिकारीचे कपडे मी बिनवासाच्या सोड्याने तीन वेळा धुतले होते, कारण जनावराला माणसाचा वास लांबून येतो. शाम्पू नाही, तेल नाही, पावडर नाही. धुऊन, वाळवून, घरातल्या कसल्याही वासाशी संबंध नको म्हणून आठवडाभर एका घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले होते. रविवारचा चर्चमधला मिस्सा तेवढा चुकणार होता, तोही यादीत लिहून ठेवला होता.

शनिवारी पहाटे आम्ही शेतकऱ्याच्या मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडपासून चालायला लागलो. गवतावर पांढरं हिव, पायांखाली कुरकुर. आठ वाजता समोरच्या उतारावर एक खिल्लार दिसलं, दोनशे मीटरवर. वारा थोडा बाजूने. एका म्हाताऱ्या शेळीने मान वर केली, आणि सगळ्या गेल्या. दहा वाजता दुसरं खिल्लार, तसंच. दुपारी तिसरं, तसंच. वारा जरासा जरी आमच्याकडून त्यांच्याकडे वळला की डोंगर रिकामा. बाजूवाला म्हणाला की चाळीस वर्षांत त्याने शेळ्यांना एवढ्या लांबून उधळताना पाहिलेलं नाही, जणू कोणी बंदूक झाडली. मला आतून वाटायला लागलं की हे माझ्यामुळेच, त्या एकाचा शाप आहे. नाही म्हटलं तरी असं वाटतंच.

संध्याकाळी शेकोटीशी मी गरम व्हायला पुढे सरकले आणि बाजूवाल्याने नाक उचललं. इकडे वास घेतला, तिकडे घेतला. मग माझ्या जाकिटाची बाही धरून नाकाशी नेली.

"मेट," तो म्हणाला, "तुझ्या अंगात मासे कोणी पुरलेत?"

मी बाही हुंगली. मला काहीही वास आला नाही. स्वच्छ कपड्यांचा वास आला. आणि मग एकदम डोक्यात लख्ख पडलं. ती ट्रंक. दर जानेवारीत मी गॅरेजच्या पत्र्यावर मासे सुकवते, बांगडे आणि मिळतील ते बारीक मासे, मीठ लावून, वर मच्छरदाणी टाकून. गल्लीतल्या मांजरी त्या महिन्यात आमच्याकडेच राहायला असतात. आणि सुकं झालं की ते वर्षभर घट्ट झाकणाच्या एका पत्र्याच्या ट्रंकेत राहतं. त्या वर्षीचं लवकर संपलं होतं म्हणून ट्रंक रिकामी होती. मी ती धुतली होती, पुसली होती, आणि माझ्या वसईच्या नाकाला तिला वासच उरला नव्हता. तीन वेळा धुतलेले कपडे मी आठवडाभर सुक्या बांगड्यांच्या हवेत मुरवले होते.

हे मी त्याला समजावून सांगायला लागले आणि वाक्य पुरं करता येईना. दोघंही असे हसत होतो की शेतकऱ्याचा कुत्रा शेडबाहेर येऊन भुंकायला लागला, आणि मग तो येऊन माझ्याच पायाशी बसला, अर्थातच. शाप वगैरे सगळं त्या हसण्यात वाहून गेलं.

कपडे रात्रभर शेकोटीच्या धुरात, निलगिरीच्या ओल्या फांद्यांवर टांगले. तरी बाजूवाल्याने ते नाकारले. रविवारी मी त्याचा जुना लोकरीचा स्वेटर घातला, बाह्या चार वेळा दुमडून, आणि कमरेला दोरखंडाचा तुकडा. अशा थाटात मी एकटी घळीच्या बाजूने चढले. तो गुडघ्यामुळे खालीच राहिला, पलीकडच्या काठावर, दुर्बीण घेऊन.

पीठ सोडलं. वारा समोरून, अगदी हळू. एका झुडपामागे गुडघ्यावर बसले आणि बसूनच राहिले. तासाभराने ते आले, सात जण, खालून चरत वर. त्यात एक तरुण बोकड, काळा, पांढऱ्या पोटाचा. चाळीस मीटर. तीस. तिथे तो आडवा उभा राहिला, अगदी चित्रातल्यासारखा, पाच मिनिटं. माझ्या पट्टीवर तिसाची टाचणीच नव्हती. मी बसून राहिले. पाय बधिर झाला. एका शेळीने माझ्याकडे बघितलं, तिला स्वेटर दिसला असेल, पण स्वेटरवर तिचं काही मत नव्हतं. मग बोकड पुढे आला, वीसच्या आत. त्याने झाडामागे डोकं घातलं तेव्हा मी ओढलं. तो बाहेर आला तो माझ्याकडे तोंड करून. त्या कोनातून मारायचं नसतं. मी ओढलेलं धरून ठेवलं. दहा मोजले, वीस मोजले. हात स्थिर होता. पंचवीसला तो वळला आणि पुढचा पाय पुढे टाकला.

बाण गेल्याचं मला दिसलं नाही, पिवळं काहीतरी त्याच्या पलीकडच्या गवतात लुकलुकलं. बोकडाने उडी मारली आणि सगळे उतारावरून झुडपांत नाहीसे झाले. मग शांतता.

नियम असा की अर्धा तास हलायचं नाही. लगेच मागे गेलं तर जनावर उठून आणखी लांब जातं. मी घड्याळ बघितलं: आठ वाजून बारा. वही काढली आणि लिहिलं. खांद्याच्या मागे चार बोटं. वाकड्या झाडापासून डावीकडे. अंतर, नंतर पावलांनी मोजायचं. लिहून झालं तेव्हा आठ वाजून चौदा. नऊ वर्षं मी गॅरेजच्या ज्या कोपऱ्यात जायचं टाळलं होतं तिथलं सगळं त्या अठ्ठावीस मिनिटांत येऊन माझ्याशेजारी बसलं. मी जपमाळेचे मणी मोजावेत तसे बरोबर आणलेल्या सहातले उरलेले पाच बाण मोजत राहिले.

आठ बेचाळीसला उठले. सतरा पावलांवर बाण, जमिनीत रुतलेला, पार लाल. तिथून गवतावर खूण एवढी ठसठशीत की शोधायला काही उरलंच नव्हतं. एक, दोन, तीन. मी पावलं मोठ्याने मोजत होते. तिसाव्या पावलाला झुडूप ओलांडलं आणि तो तिथे होता. कुशीवर, शांत, पळता पळता पडलेला. त्याला काही कळायच्याही आत संपलं होतं.

मी त्याच्याशेजारी बसले, मानेवर हात ठेवला. ऊब होती. घळीपलीकडून बाजूवाल्याचा आवाज आला, काय झालं म्हणून. मी दोन्ही हात वर केले. मग उभी राहिले आणि त्या लोंबणाऱ्या बाह्या हलवत राहिले, डावीकडे, उजवीकडे, किती वेळ कोण जाणे. तो नंतर म्हणाला की दुर्बिणीतून मी विमान उतरवत असल्यासारखी दिसत होते.

दुपारी परतताना गोलबर्नच्या पेट्रोल पंपावर मी नाणी गोळा करून घरी फोन लावला. नवऱ्याने उचलला. मी म्हटलं, "सापडला. तीस पावलांवर."

 काय सापडला, असं त्याने विचारलं नाही.

"बरं झालं," तो म्हणाला. "मागचा तू अजून शोधत होतीस."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? नऊ वर्षं त्या गॅरेजमध्ये तू मलाच पाठवतेस."

नाणं पडल्याचा आवाज झाला. मी दुसरं टाकलं आणि नाक पुसलं, बाजूवाल्याच्या स्वेटरला. मग म्हटलं, लिहून घे. फ्रीझरमधले वाटाणे आणि आइसक्रीम काढ, मुलांना सांग आइसक्रीम आत्ताच संपवायचं. मोठं पातेलं माळ्यावर आहे. कांदे दोन किलो. तांदूळ भिजत घाल, मी आल्यावर वाटते. बाजूवाल्याला जेवायला सांगितलंय. आणि मागच्या दाराने येईन, पुढचं उघडू नकोस, माझा अवतार बघण्यासारखा नाहीये. तो हो हो म्हणत होता आणि मागे मुलगा विचारत होता की आइसक्रीम खरंच सगळं का, आणि नवरा लिहून घेत नव्हता हे मला आवाजावरून कळत होतं, पण नाणी संपली आणि मी हसतच फोन ठेवला.